चौदा गोधड्या आणि सोलापुरी चादर

सांगलीला मामीकडं मुक्कामाला गेलं की रात्री पांघरायला सोलापुरी चादर मिळते. मामांनाही तीच, मामीलाही तीच. जानेवारीत गेलात तर दोन मिळतात. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, चादर चांगलीच असते. पण ज्या घरात चौदा गोधड्या आहेत त्या घरात हे घडतं, म्हणून सांगितलं. कपाटावर, कपाटाखाली, दिवाणाच्या पोटात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, जिथं हात घालाल तिथं गोधडीचं बोचकं हाताला लागतं. फक्त त्यांतली एकही पुरी झालेली नाही.

“हे एवढं झालं की संपलीच बघ,” हे वाक्य मी हाफ चड्डीत असल्यापासून ऐकत आलोय. आता माझ्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत.

मामीला शिवता येत नसेल असं कुणाला वाटेल, तर तसं बिलकूल नाही. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा. एका दमात ती सुईवर चार-पाच टाके उचलते, सुई पुढं रेटते आणि दोरा ओढते, तेव्हा मेण चोळलेल्या दोऱ्याचा ‘खर्र’ असा आवाज होतो. डावा हात कापडाच्या खाली. सुई सगळ्या थरांतून पार झाली का, हे त्या हाताच्या तर्जनीला टोचतं तेव्हाच कळतं, त्यामुळं त्या बोटाच्या टोकाची चाळण झालीय. अंगुस्तान घाल म्हटलं तर म्हणते, “टोपी घालून डोकं खाजवता येतं का रे?” दोन ओळींतलं अंतर मोजायला पट्टी लागत नाही. करंगळी आडवी ठेवायची, तिच्या पलीकडून पुढची ओळ. साठ ओळी झाल्या तरी करंगळीचं माप हलत नाही. हलतं ते मामीचं मन. साठाव्या ओळीच्या सुमारास तिला कुणाच्या तरी अंगावर एखादा सुरेख सुती काठ दिसतो.

शब्दांच्या बाबतीत ती फार कडक आहे. तिच्या कामाला कुणी रजई म्हटलं की तिला अपमान वाटतो. रजईत कापूस, तो पिंजाऱ्याचा प्रांत. गोधडीत कापडावर कापड, त्यावर कापड, बाकी काही नाही. वाकळ म्हणजे हाताला येईल ते घालून गरजेपोटी शिवलेली, जड, टिकाऊ, धुताना दोन माणसं लागणारी. दुपटं तान्ह्या बाळाचं. शेजारी कामाला येणारी बाई कर्नाटकातली, ती या सगळ्याला कौदी म्हणते आणि मामी तिला क्षमा करते, कारण तिचा टाका सरळ आहे.

नऊवारीविषयी मामीचं एक शास्त्र आहे. नऊवारीचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या थोडा वर भरतो. दोन-दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की एक जोड वरची बाजू, एक जोड खालची बाजू. आत जुन्या सहावारी, धोतरं, परकर, जे मऊ असेल ते. म्हणजे नऊवारी हे मुळातच गोधडीच्या मापानं विणलेलं वस्त्र आहे. मधली तीसेक वर्षं बायका ते नेसतात, एवढंच.

माणसांकडंही ती साधारण याच नजरेनं बघते. मी उंबरठ्यातून आत आलो की ‘बस, पाणी देते’च्या आधी माझ्या बाहीचं टोक तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गेलेलं असतं. “किती वर्षं झाली रे याला?” तीन म्हटलं की ती मनात हिशेब करते. “अजून दोन वर्षं घाल.” माझ्या बायकोला तिनं एकदा भर लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं, “या साडीचं पुढं काय ठरवलंयस?” बायकोनं साडी पहिल्यांदाच नेसली होती.

टेरिकॉटनं महाराष्ट्रातली गोधडी मारली, असं मामी ठामपणे सांगते, आणि या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे. सुती कापड धुऊन धुऊन विरतं, मऊ पडतं, आणि विरतं म्हणून गोधडीत येतं. टेरिकॉट विरतच नाही. थरात घातलं तर घसरतं, सुई लावली तर कुरकुरतं, आणि पांघरलं तर घाम फोडतं. मामांचे १९८४ सालचे दोन टेरिकॉटचे शर्ट अजून कपाटात आहेत. रंग तोच, घडी तीच. मामी त्यांच्याकडं बघते तेव्हा मला त्या शर्टांची काळजी वाटते.

कात्रीचं एक प्रकरण आहे. घरात तीन कात्र्या: कापडाची, कागदाची आणि दुधाच्या पिशवीची. मामांनी एकदा कापडाच्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली. त्याला बावीस वर्षं होऊन गेली, खटला अजून चालू आहे.

नवी गोधडी सुरू होते तो दिवस मात्र बघण्यासारखा. शक्यतो उन्हाळ्यातला असतो. सकाळी मामी लवकर आंघोळ करते, भाजी-भाकरी उरकून टाकते आणि पुढच्या खोलीतल्या खुर्च्या गॅलरीत काढते. खुर्च्यांबरोबर मामाही गॅलरीत जातात. मग फरशी पुसून त्यावर खालची बाजू अंथरायची. चार कोपऱ्यांवर चार वजनं: वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि मामांनी निवृत्तीनंतर व्यायामासाठी आणलेलं, त्यानंतर फक्त याच कामी आलेलं एक डंबेल. त्यावर आतले थर. प्रत्येक थर तळहातानं मधून कडेला निपटत न्यायचा, एकही चुणी राहू द्यायची नाही. इथं मामी गुडघ्यांवर रांगत असते, पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंडानं त्या त्या कापडाचं चरित्र चालू असतं. ही इरकल चुलत सासूबाईंची, हे धोतर कुणाच्या मुंजीतलं, हा खण कुठल्या चोळीचा. वरची बाजू आली, कडा आत दुमडल्या, टाचण्या लागल्या, की ती उठून दाराशी जाते आणि लांबून बघते. त्या दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी लग्नाच्या अल्बमात पाहिलंय, आणखी कुठं नाही.

आणि मग शिवायचं असतं.

मामा बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळं त्यांनी गणित मांडून ठेवलंय. मोठी गोधडी सव्वादोन मीटर रुंद धरा. करंगळीभर अंतरानं ओळी घातल्या तर दीडशेच्या आसपास ओळी, प्रत्येक दोन मीटरची. म्हणजे तीनशे मीटर धावदोरा, सगळा हातानं, सगळा जमिनीवर बसून. “इथून मारुती चौकापर्यंत रांगत जायचं, तेही सुईनं,” असं ते म्हणतात. वर शिवता शिवता गोधडी आखडते, थर सरकतात, खालची बाजू एका अंगाला चार बोटं बाहेर येते, मग तेवढं उसवा.

अपुऱ्या गोधड्यांना मामा एनपीए म्हणतात. नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्जखातं थकीत धरायचं, हा बँकेचा नियम त्यांनी घराला लावला आणि लाल कापडी बांधणीच्या एका जुन्या वहीत प्रत्येकीचं खातं उघडलं. ही वही मी वाचलीय. खातं क्रमांक एक १९९१ मधलं. मधला दीड फुटाचा चौकोन सोडला तर पूर्ण. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: बदामी. त्या वेळी बदामी दोरा संपला आणि तो विकणारं दुकानही पुढं बंद झालं. तेव्हापासून मामीनं पुण्यापासून बेळगावपर्यंत अकरा बदामी रिळं आणली, त्यांतली एकही ती बदामी नव्हती. दोरा वाया जाऊ नये म्हणून त्या अकरा रिळांवर आणखी तीन गोधड्या सुरू झाल्या.

सहावं खातं मामांच्या पायजम्यांचं आहे. त्याला एक पायजमा कमी पडतोय आणि तो मामांच्या अंगावर आहे. “मी तो फाटू देत नाही,” मामा मला हळूच म्हणाले. “फाटला तर गोधडी पुरी होईल याची खात्री नाही. पायजमा जाईल याची आहे.”

नववं खातं मला सगळ्यांत आवडतं. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायकाही जुन्या कापडाच्या कौद्या शिवतात आणि कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी पाकळी लावतात. तिला त्या फूल म्हणतात आणि फुलाशिवायची कौदी उघडी समजतात. मामीनं हे कुठल्यातरी प्रदर्शनात पाहिलं आणि घरी येऊन त्याच रात्री तशी सुरू केली. वहीत नोंद आहे: “चारही फुले तयार. गोधडी बाकी.”

मामेबहीण न्यू जर्सीला असते. तिकडं ती शिवणाऱ्या बायकांच्या एका मंडळात जायला लागली आणि या घराचे परराष्ट्र संबंध सुरू झाले. तिनं सांगितलं की अमेरिकेत अपुऱ्या गोधडीला यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. उडत्या तबकड्यांचं नाव. मामांनी कपाटाकडं बघितलं. “आमच्याकडच्या उडत नाहीत. दार उघडलं की पडतात.” अशा कामाला पीएचडीसुद्धा म्हणतात, प्रोजेक्ट हाफ डन, हे कळल्यावर मामी फार खूश झाली. लग्नामुळं तिचं बी. ए. राहिलं होतं. आता चौदा पीएचड्या.

पण तिकडची पद्धत काही तिच्या पचनी पडली नाही. दुकानातून कोरं सुती कापड आणायचं, त्याचे चौकोन-त्रिकोण कापायचे आणि पुन्हा जोडायचे. “धडधाकट माणसाला झोपवून टाके घालायचे का?” असं तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं. वरची बाजू जोडून झाली की पुढची शिलाई करायला लांब हाताच्या मशीनवाल्या बाईकडं पाठवतात, हे ऐकून तर ती गप्पच झाली. जरा वेळानं म्हणाली, “म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि पाटावर शेजारणीला बसवायचं.”

बहिणीनं मग कापड कापायचं एक चाक पाठवलं. हे गोल पात्याचं हत्यार जपानमध्ये १९७९ साली निघालं आणि कात्रीचं काम त्यानं कितीतरी पटींनी हलकं केलं. धार वस्तऱ्याची. दिसायला मात्र हुबेहूब करंजीचं कातण. मामीनं ते दिवाळीत काढलं. करंज्या सुरेख कातल्या गेल्या, त्याबरोबर पोळपाटाची कडही. “पोरीनं कातण बरं पाठवलं,” असं ती अजून सांगते.

एकदाच ती अमेरिकेवर प्रसन्न झाली. अलाबामात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या, विरलेल्या डेनिमच्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि पुढं त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. बहिणीनं फोटो पाठवले. मामीनं फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, टाके बघितले, मग कडा बघितली. “ओळ वाकडी गेलीय, पण उसवली नाही. बाई आपल्यातली आहे.” पुन्हा थोडं बघून म्हणाली, “भिंतीवर टांगल्या? मग त्या बायका पांघरतात काय?”

“सोलापुरी चादर,” मामा म्हणाले.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. मामांच्या गल्लीत पाणी शिरायच्या आदल्या संध्याकाळी विश्रामबागच्या नातेवाइकांकडं जायचं ठरलं. टेम्पो आला. मामांनी घराची कागदपत्रं, पासबुकं आणि औषधं एका पिशवीत घातली. मामीनं बोचकी उतरवली. टेम्पोवाला चढवता चढवता दमला. “काकू, यात काय हाय म्हणायचं?” मामी म्हणाली, “अर्धवट कामं.” त्या बिचाऱ्याला वाटलं, कोर्टाची कागदपत्रं असतील. त्यानं ती टेम्पोत सगळ्यांत आत, कोरड्या जागी ठेवली. टीव्ही आणि फ्रीज घरीच राहिले आणि पाण्यात गेले.

विश्रामबागेत एका हॉलमध्ये आम्ही एकोणीस माणसं. पांघरुणं कमी पडली तेव्हा मामीनं नाइलाजानं बोचकी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गोधड्या कुणीतरी पांघरल्या. टाचण्यांसकट. रात्रीत दर तासाला कुठल्यातरी कोपऱ्यातून “आई गं!” ऐकू यायचं. सकाळी वीज नसायची, पाणी नसायचं, फोन लागायचे नाहीत, आणि घराचं काय झालं असेल हे कुणालाच बोलायचं नसायचं. बायका गोधडीच्या चार बाजूंनी बसल्या. कुणी सुई घेतली, कुणी दोरे ओवायला. पाचव्या दिवशी एक गोधडी संपली. शेवटच्या गाठीचा दोरा मामीनं दातानं तोडला आणि “झाली” म्हणाली, ते अशा आवाजात की मामांनी वही न काढता तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

टेम्पोवाल्याचं घर आमच्याही आधी बुडालं होतं. तो निरोप घ्यायला आला तेव्हा ती गोधडी त्याच्याबरोबर गेली. तोवर पुऱ्या झालेल्या गोधड्या दोन: एक लेकीच्या सामानातून न्यू जर्सीला गेली, दुसरी ही. पाणी ओसरल्यावर चौकात मदतीच्या जुन्या कपड्यांचा, कुणीच न नेलेला ढीग पडला होता. आम्ही नाक धरून पुढं गेलो. मामी थांबली, वाकली, एक बाही अंगठ्यात आणि तर्जनीत धरली. “सुती आहे रे.”

गेल्या दिवाळीत मी आठ दिवसांची रजा घेऊन तिच्याकडं गेलो, तो ठरवून. एक तरी खातं बंद करायचंच. निवडलं ते अकरावं, सगळ्यांत लहान. माझ्या मुलाच्या बारशासाठी २००८ साली सुरू केलेलं दुपटं. दोनच कडा राहिल्या होत्या. संध्याकाळपर्यंत होईल असा माझा अंदाज. मामीनं ते उलगडून बघितलं. “पण तो आता केवढा झालाय?”

“बारावीत आहे. पावणेसहा फूट.”

“मग दुपट्याचं काय करणार तो? नाक पुसणार?”

दुपट्याला चारी बाजूंनी काठ लावायचा ठराव झाला. काठाला कापड हवं, म्हणून बोचकी निघाली. पहिल्या दिवशी दुपटं चार फूट झालं, तिसऱ्या दिवशी सहा. काम संपवायला बसल्यावर काम वाढतं, हे मी सरकारी कचेऱ्यांत पाहिलं होतं, सख्ख्या मामीकडं पहिल्यांदाच. मीही सुई घेतली. दोन तास मान मोडून एक ओळ घातली. मामीनं चष्मा सरळ केला. “हे टाके आहेत की एसटीचे थांबे? सांगलीनंतर एकदम कराड!” रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ती माझी ओळ उसवत बसली होती. मला बघून दचकली. “जरा सैल होती,” म्हणाली.

भाऊबिजेच्या दुपारी गोधडी माझ्या हातात पडली. मामांनी वही उघडली आणि अकरा नंबरपुढं ‘खाते बंद’ लिहिलं. मग पान उलटून नवं खातं उघडलं, कारण उरलेल्या तुकड्यांवर मामीनं पाडव्यालाच एक सुरू केली होती. शिल्लक चौदा.

गोधडी आता पुण्यात आमच्या घरी आहे. मऊ आहे, उबदार आहे, आणि तिच्यावरून बापलेकांत रोज भांडण होतं. तुम्ही कधी मुक्कामाला आलात तर तुम्हालाच देऊ. फक्त पायाकडचा डावा कोपरा सांभाळा. तिथं अजून टाचणी आहे.